विचारणारा, सांगणारा आणि भोवतीचे इतर

समाजशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या एखाद्या मराठी प्रबंधात संशोधन पद्धतीचे प्रकरण उघडावे. 'माहिती संकलनासाठी मुलाखत व गटचर्चा या तंत्रांचा अवलंब करण्यात आला' हे वाक्य तिथे बहुधा सापडते. पुढचे वाक्य नमुना निवडीबद्दल असते आणि मग विश्लेषण सुरू होते. मुलाखत कोणी घेतली, कुठे बसून घेतली, त्या वेळी घरात आणखी कोण होते, कोणत्या प्रश्नावर समोरची व्यक्ती गप्प झाली, गटचर्चेत कोणी तोंडच उघडले नाही, यातले काहीही त्या वाक्यात मावत नाही. मावावे अशी अपेक्षा मार्गदर्शक करत नाहीत आणि तोंडी परीक्षेत त्याबद्दल क्वचितच कोणी विचारते. त्या एका वाक्याखाली काय काय दडपले जाते, हा या पुस्तकाचा विषय आहे. म्हणून प्रस्तावना लिहायला सांगितल्यावर आढेवेढे घेतले नाहीत.

नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख. संख्यात्मक पाहणी 'किती' विचारते: किती घरांत शौचालय आहे, किती मुलींची शाळा दहावीनंतर सुटली. गुणात्मक संशोधनाला त्या आकड्याच्या आत शिरायचे असते. शौचालय असूनही घरातला म्हातारा पहाटे ओढ्याकडे का जातो? शाळा सोडायचे घरात कोणी ठरवले आणि ते मुलीला कोणत्या शब्दांत सांगितले? हे कळायला निरीक्षण लागते, कागदपत्रे लागतात आणि माणसांशी बोलावे लागते. बोलण्याचे दोन प्रकार इथे मुख्य आहेत. पहिला मुलाखतीचा. तिच्या एका टोकाला छापील प्रश्नावली, जिथे प्रश्नातला शब्दही बदलायचा नसतो. दुसऱ्या टोकाला 'लग्न झालं तेव्हापासून सांगा' एवढेच म्हणून ऐकत राहणे. बहुतेक काम मधल्या पट्ट्यात चालते. हाताशी दहाबारा मुद्द्यांची सूची असते आणि क्रम मात्र सांगणाऱ्याच्या ओघाने ठरतो. दुसरा प्रकार लक्ष्यगट चर्चेचा, जिला संस्थांमधले कार्यकर्ते सरळ 'एफजीडी' म्हणतात. साधारण सहा ते दहा माणसे, त्यांच्यात विषयाच्या दृष्टीने काहीतरी समान, एक जण चर्चा चालवणारा, एक जण टिपणे घेणारा, तास-दीड तास वेळ. यात माणसांनी एकमेकांशी बोलावे अशी अपेक्षा असते. प्रत्येक जण पाळीपाळीने चालकाकडे बघून उत्तर देत असेल तर ती दहा जणांची एकत्र घेतलेली मुलाखत झाली.

या दोहोंना एकमेकींचा पर्याय मानण्याची चूक फार होते. दहा बायकांच्या मुलाखतींना आठवडा जातो, त्याच दहा जणी एका दुपारी समाजमंदिरात बसवून काम उरकते, असा हिशेब अंदाजपत्रक करताना सर्रास मांडला जातो. पण सासू, जाऊ आणि शेजारीण यांच्या देखत बाई जे बोलते आणि तीच बाई ओसरीत एकटी असताना जे बोलते, त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. त्यांतली खरी कोणती, असे नवखे संशोधक विचारतात. दोन्ही खऱ्या. पहिल्या बोलण्यातून त्या गावात चारचौघांत काय म्हणता येते ते कळते. दुसऱ्यातून त्या मर्यादेच्या आत काय राहून जाते ते. या दोहोंतले अंतर हीच पुष्कळदा संशोधकाच्या हाती लागणारी सर्वांत मोलाची गोष्ट असते. उत्तर त्या भेटीत जन्मते. भेटीची हकीकत गाळून नुसते उत्तर अहवालात आणले तर त्याचा अर्थ लंगडा पडतो. या क्षेत्राचा इतिहासही याच अंगाने वाचावा असे मला वाटते.

विचारून माहिती घेण्याची रीत विद्यापीठांनी काढलेली नाही, सरकारे ती आधीपासून वापरत होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले, दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला, आणि मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने रयतेचे, सावकारांचे आणि प्रत्यक्षदर्शींचे जबाब घेतले. सरकारी सारा हे दंग्याचे कारण होते का, हेही त्याला ठरवायचे होते. सगळे पुरावे पाहून त्याने दोष सावकारांवर ठेवला, साऱ्यावर नाही. इतिहासकारांनी या निष्कर्षाकडे संशयाने पाहिले आहे, आणि तो संशय आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जातो: सारा वसूल करणाऱ्या सरकारच्याच माणसासमोर बसून साऱ्याविषयी रयतेने किती बोलावे? जबाब खोटे होते असे मानायचे कारण नाही. पण कोणाला दिले, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागतात.

त्याच शतकात लंडनमध्ये हेन्री मेह्यूने 'मॉर्निंग क्रॉनिकल'साठी १८४९ पासून फेरीवाले, भंगार वेचणारे, शिवणकाम करणाऱ्या बायका यांच्याशी बोलून त्यांचे म्हणणे प्रथमपुरुषी छापले. चाळीसेक वर्षांनी चार्ल्स बूथने त्याच शहराच्या गरिबीची अवाढव्य पाहणी केली, पण त्याची बरीच माहिती गरिबांकडून आलेली नव्हती. शाळांच्या हजेरीसाठी घरोघर जाणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारून ती गोळा केली होती. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात स्वतः दारोदार जाऊन कृष्णवर्णीय कुटुंबांना प्रश्न विचारले आणि १८९९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावातली जमीन, कर्ज आणि मजुरी यांचा घरोघर तपास करून १९१७ मध्ये अहवाल छापला. आज त्या गावाच्या जागी टोलेजंग सोसायट्या आहेत. मान यांना आकडे हवे होते आणि ते त्यांनी फार काळजीपूर्वक मिळवले. आकडा सांगताना शेतकरी काय म्हणाला, हे नोंदवणे त्यांच्या कामात बसत नव्हते.

सांगणाऱ्याच्या ओघाला महत्त्व देण्याची कल्पना संशोधनात रुजली ती एका कारखान्यात. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला मुलाखतकाराकडे ठरलेले प्रश्न असत: देखरेख कशी आहे, उजेड पुरतो का, पगाराबद्दल काय. कामगार उत्तर देत, पण मध्येच दुसरेच काही सांगू लागत. मुलाखतकार त्यांना पुन्हा प्रश्नावर आणे आणि ते पुन्हा भरकटत. काही महिन्यांनी संशोधकांच्या लक्षात आले की कामगाराला जे महत्त्वाचे वाटते ते त्या भरकटण्यातच आहे. मग प्रश्नांची यादी बाजूला ठेवली. कामगार ज्याविषयी बोलेल त्याविषयी बोलू द्यायचे, मध्ये तोडायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, असा नियम झाला. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. आज आपण ज्याला सखोल मुलाखत म्हणतो तिचे बरेचसे व्याकरण इथे तयार झाले. अर्थात हे सगळे मालकाच्या खर्चाने, मालकाच्या आवारात चालले होते. ऐकून घेतले की कामगार शांत होतात, हेही व्यवस्थापनाला तिथेच कळले, आणि ऐकण्याच्या या कलेचा उपयोग पगार न वाढवता असंतोष कमी करण्यासाठी होऊ लागला. गुणात्मक संशोधन जात्याच माणसांच्या बाजूचे असते असा एक भाबडा समज आपल्याकडे आहे. हॉथॉर्नची हकीकत त्यावर चांगला उतारा आहे.

गटचर्चेची जन्मकथा युद्धाच्या धामधुमीतली आहे. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले तरुण सहकारी रॉबर्ट मर्टन यांना सपत्नीक जेवायला बोलावले. पाहुणे दारात आले तोच यजमानांनी सांगितले की वॉशिंग्टनहून तातडीचे काम आले आहे, सरकारने मनोधैर्य वाढवण्यासाठी काढलेल्या रेडिओ कार्यक्रमाची चाचणी आहे. बायकांना घरी ठेवून दोघे स्टुडिओत गेले. तिथे काही श्रोते कार्यक्रम ऐकत बसले होते. प्रत्येकाच्या हातात दोन बटणे: आवडले तर हिरवे, नावडले तर लाल. कार्यक्रम संपल्यावर एक जण त्यांना कारणे विचारू लागला. मर्टन मागे बसून चिठ्ठ्या लिहू लागले. विचारणारा उत्तरे सुचवतो आहे, लोक नेमके कशावर प्रतिक्रिया देत आहेत हे तो शोधत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लाझार्सफेल्ड यांनी पुढच्या गटासमोर मर्टन यांनाच बसवले. त्यातून 'केंद्रित मुलाखत' उभी राहिली. तिच्यावरचा लेख १९४६ मध्ये पेट्रिशिया केंडल यांच्यासह आणि पुस्तक १९५६ मध्ये आले.

मर्टन यांचा आग्रह काय होता, हे नंतरच्यांनी सोयीने विसरले. लोकांनी एखादा विशिष्ट अनुभव घेतलेला असावा, संशोधकाने त्या अनुभवाचा आधी अभ्यास केलेला असावा, आणि चर्चेतून मिळालेले विचार म्हणजे पुढे तपासून पाहायची गृहीतके आहेत हे ध्यानात असावे. गटात आठांपैकी सहा जण एक गोष्ट म्हणाले म्हणून ती पंचाहत्तर टक्के समाजाची होत नाही. १९८७ मध्ये, तोवर ही पद्धत जाहिरात उद्योगात फोफावली होती, मर्टन यांनी एका लेखात आपल्या मूळ कल्पनेशी तिचे नाते किती पातळ झाले आहे ते सौम्य पण स्पष्ट शब्दांत लिहिले. आपल्याकडचे अहवाल त्यांनी पाहिले असते तर सौम्यपणा कदाचित टिकला नसता.

मधल्या तीसेक वर्षांत विद्यापीठांनी गटचर्चेकडे जवळजवळ पाठ फिरवली आणि बाजाराने तिला उचलून धरले. अर्नेस्ट डिख्टर यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ साबण, मोटारी, केकचे तयार पीठ यांच्यामागच्या सुप्त इच्छा शोधून देत होते. बाजारातले एक उदाहरण मात्र अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. कोका-कोलाने एप्रिल १९८५ मध्ये आपल्या पेयाची चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांकडून चव पारखून घेतली होती आणि बहुमत नव्या चवीच्या बाजूने होते. कंपनीने गटचर्चाही घेतल्या होत्या. तिथे वेगळेच दिसले: जुने पेय बदलण्याची कल्पना काही थोड्यांना फार लागली आणि त्यांचा राग बघता बघता गटातल्या इतरांना चढला. कंपनीने पाहणीचा आकडा धरला. नवी चव बाजारात आल्यावर देशभर तेच घडले जे गटांत घडले होते, आणि ७९ दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. एकेकट्याला विचारून जमवलेली मते आणि माणसे एकत्र आल्यावर घडत जाणारे मत यांत फरक असतो. पहिल्याची बेरीज करून दुसरे मिळत नाही.

फ्रँकफर्टच्या संशोधकांना हे तीस वर्षे आधी उमगले होते. युद्धोत्तर जर्मनीत १९५०-५१ च्या सुमारास त्यांनी ठिकठिकाणी गट बसवले. जर्मनीत राहिलेल्या एका परदेशी सैनिकाचे म्हणून रचलेले पत्र वाचून दाखवले, ज्यात जर्मनांच्या स्वभावावर बोट ठेवले होते, आणि मग लोकांना बोलू दिले. प्रश्नावलीत सभ्य लोकशाहीवादी उत्तरे देणारी माणसे गटात रंगात आली की काय बोलतात, हे त्यांना ऐकायचे होते. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अहवाल वाचायला सुखद नाही.

ऐंशीच्या दशकात कुटुंबनियोजन आणि एड्स या दोन विषयांनी गटचर्चेला पुन्हा विद्यापीठात आणले. डेव्हिड मॉर्गन आणि रिचर्ड क्रूगर यांची हस्तपुस्तके १९८८ मध्ये आली आणि जगभर वापरली गेली. पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या ब्रिटनच्या जेनी किट्झिंगर. एड्सविषयीच्या बातम्या लोक कशा समजून घेतात याच्या अभ्यासात त्यांच्या प्रकल्पाने ५२ गट घेतले, बहुतेक आधीपासून एकमेकांना ओळखणाऱ्यांचे. १९९४ मध्ये त्यांनी लिहिले की गटचर्चेवर आधारलेले चाळीसहून अधिक अभ्यास त्यांनी तपासले आणि सहभागींमधल्या संवादावर भर देणारा एकही सापडला नाही. माणसे एकत्र बसवली होती ती एकमेकांशी बोलण्यासाठी, आणि अहवालात मात्र सुटी अवतरणे: 'एक सहभागी, स्त्री, ३४ वर्षे'. तिला कोणी हटकले, कोण हसले, तिने आपले वाक्य कोणाकडे बघून मागे घेतले, ते नाहीच. त्या लेखाला तीस वर्षे झाली. महाराष्ट्रातले अहवाल आजही पाहावेत. किट्झिंगर यांची तक्रार त्यांना तशीच लागू पडते.

मुलाखतीच्या बाजूला वाद अधिक मूलभूत झाले. डेन्मार्कमध्ये शिकवणारे स्टायनार क्वाले यांनी मुलाखतकाराच्या दोन प्रतिमा मांडल्या: एक खाणकामगार, ज्याला वाटते की माहिती आत पुरलेली आहे, ती न बिघडवता वर काढायची; दुसरा प्रवासी, जो वाटेत भेटलेल्यांशी गप्पा मारत जातो आणि घरी येऊन गोष्ट सांगतो. पहिल्याला तटस्थता लागते, सगळ्यांना एकाच सुरात एकच प्रश्न. १९८१ मध्ये अॅन ओकली यांनी या तटस्थतेवर घणाघात केला. पहिलटकरणींच्या मुलाखती घेताना त्या बायका त्यांनाच शेकडो प्रश्न विचारत: बाळंतपण किती दुखते, मूल कुठून बाहेर येते. 'मला मत नाही' असे पुस्तकी उत्तर अशा वेळी देणे ओकली यांना अमानुष वाटले. तीन वर्षांनी जॅनेट फिंच यांनी याच युक्तिवादाची दुसरी बाजू दाखवली. बाई बाईशी इतकी सहज बोलते, म्हणूनच तिचे बोलणे तिच्याविरुद्ध वापरले जाण्याचा धोका मोठा. एलियट मिश्लर यांनी १९८६ मध्ये उत्तरे गोष्टींच्या रूपात येतात आणि आपण त्या गोष्टी तोडून सांकेतिक क्रमांक देतो याकडे लक्ष वेधले. होलस्टीन आणि गुब्रियम यांनी १९९५ मध्ये पुढचे पाऊल टाकले: मुलाखतीत दोघेही मिळून अर्थ घडवतात, तेव्हा उत्तराइतकेच प्रश्नाचेही विश्लेषण करा. यापलीकडे विश्लेषणाच्या शाळा आहेत. ग्लेसर आणि स्ट्रॉस यांचा १९६७ चा आधारजन्य सिद्धांत, ब्राऊन आणि क्लार्क यांचे २००६ चे आशयसूत्र विश्लेषण. या पुस्तकात त्या नीट आल्या आहेत, इथे नावे पुरेत.

आपल्याकडे या वादांची परिभाषा उशिरा आली, पण काम आधी सुरू झाले होते. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुनर्वसनाच्या शासकीय कागदांत नसलेली माणसे तिथे आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे तर मराठीतले मुलाखतींवर उभे राहिलेले ठळक पुस्तक. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्यांनी शोधून काढले आणि बोलते केले. त्या स्त्रियांविषयी लिखित साधने इतकी थोडी होती की मुलाखत हीच तिथे दप्तरखाना झाली. गडचिरोलीत राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेल्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे तपासणीत आढळले आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. आकड्याने जगाला धक्का दिला. पण बाकीच्या कधीच का गेल्या नाहीत, त्या दुखण्याला काय म्हणतात, कोणापाशी बोलतात, हे आकड्यातून कळणारे नव्हते; त्यासाठी बायकांबरोबर बसून ऐकावे लागले, आणि राणी बंग यांचे 'कानोसा' त्या ऐकण्यातून आले.

गावात गट बसवण्याची सवय मात्र आपल्याला वेगळ्याच दाराने लागली. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांचे दोष मांडले: ते डांबरी रस्त्याजवळच्या गावांत जातात, पावसाळ्यात येत नाहीत, पुढाऱ्यांना आणि पुरुषांनाच भेटतात. त्यातून लोकसहभागी मूल्यावलोकन, म्हणजे 'पीआरए', भारतात फोफावले आणि पाणलोटाच्या कार्यक्रमांबरोबर महाराष्ट्रात पोहोचले. रांगोळीने जमिनीवर गावाचा नकाशा, शिवारफेरी, गटात बसून प्रश्नांची क्रमवारी. उद्देश उत्तम. पण गावाला ही पद्धत पाठ झाली. आता गाडी थांबली की सरपंच, आशाताई आणि बचतगटाच्या त्याच आठ जणी पाच मिनिटांत सतरंजीवर हजर होतात. पहिले वाक्य ठरलेले: 'आमच्या गावात तसं काही नाही.' ते वाक्य वाया गेले असे समजून पुढे जाणारे संशोधक पुष्कळ. खरे तर इथेच कान टवकारायला हवेत, कारण गाव बाहेरच्यांसमोर कसे दिसू इच्छिते हे ते वाक्य सांगते.

आणि मुलाखत सुरू होण्याआधी एक मुलाखत झालेली असतेच. 'कुठल्या तुम्ही? आडनाव काय?' संशोधकाची जात, गाव, लग्न झाले की नाही, एवढे कळल्याशिवाय समोरची व्यक्ती बोलत नाही. आणि कळल्यावर काय बोलायचे ते ठरवते. चहा पुढे येतो की नाही, बसायला कुठे सांगतात, हेही त्यावर. मार्गदर्शक पुस्तके ज्याला विश्वास संपादन म्हणतात त्याचा अर्धा भाग असा आडनावातच उरकलेला असतो. अहवालात तो कधीच येत नाही. २००७ मध्ये गुणात्मक अभ्यासांच्या अहवालांसाठी ३२ मुद्द्यांची एक तपासणी सूची आली. आरोग्य विषयाची अनेक नियतकालिके ती मागतात. मुलाखत कोणी घेतली, त्या व्यक्तीचे लिंग, सहभागींशी आधीचे नाते, जागा कोणती होती, आणखी कोण उपस्थित होते, हे सगळे त्यात आहे. जात नाही. ती आपण आपल्या हाताने घालायला हवी.

लोक सांगतात एक आणि करतात दुसरे, हा या पद्धतींवरचा सर्वांत जुना आक्षेप. रिचर्ड लापिएर यांनी १९३०च्या सुमारास एका चिनी दांपत्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. २५१ हॉटेलांत आणि उपाहारगृहांत ते गेले, नकार एकाच ठिकाणी मिळाला. सहा महिन्यांनी त्यांनी पत्राने विचारले, चिनी ग्राहक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' कळवले. आक्षेप खरा आहे, पण त्यातून मुलाखत निरुपयोगी ठरते असे मला वाटत नाही. पत्राला उत्तर देणारा व्यवस्थापक आणि दारात उभ्या नीटनेटक्या जोडप्याला खोली देणारा व्यवस्थापक दोन वेगळ्या भेटींत होते. वागणूक जाणून घ्यायची असेल तर मुलाखतीवर विसंबू नये, एवढे मान्य. माणूस आपल्या वागणुकीचे समर्थन कसे करतो, हे मात्र त्याच्याशी बोलल्याशिवाय कळणार नाही.

नैतिकतेबद्दल थोडक्यात, कारण पुस्तकात तिला भरपूर जागा आहे. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला की काम संपले असे नसते. कौटुंबिक हिंसाचारावरच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये दिलेल्या शिफारशी आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची रीत सारखेच सांगतात: अशा प्रश्नांसाठी एका घरातली एकच स्त्री निवडायची, आणि एकांत मिळाला नाही तर प्रश्न विचारायचेच नाहीत. हे मुलाखतीला जमते, गटचर्चेला नाही. गटात बोललेले बाहेर जाणार नाही, असे वचन संशोधक फक्त स्वतःपुरते देऊ शकतो. उरलेल्या नऊ जणींच्या वतीने नाही. एवढ्या एका कारणाने काही विषय गटात काढूच नयेत.

हे पुस्तक आत्ता येणे गरजेचे होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीत संशोधन आले, म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची मुले मुलाखत घ्यायला बाहेर पडणार. मोबाइलमुळे रेकॉर्डिंग फुकट झाले. महामारीत सुरू झालेल्या फोनवरच्या मुलाखती थांबलेल्या नाहीत, आणि घरात फोन एकच असेल, तो नवऱ्याच्या खिशात असेल आणि स्पीकर चालू असेल तर ती कोणाची मुलाखत, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एका तासाचे बोलणे लिहून काढायला चार-सहा तास सहज लागत, तेही आता यंत्रे करू लागली आहेत. पण चौघी एकदम बोलू लागल्या, कोणी वऱ्हाडीत कुजबुजले, कोणी नुसते 'हं' म्हणाले, की यंत्राचा कागद गुळगुळीत होतो. त्याहून पुढे, कोणालाही न भेटता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून 'उत्तरदात्यां'ची उत्तरे लिहवून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. प्रश्नसूची आधी तपासायला त्याचा थोडा उपयोग होईल. ज्यात भेटच झाली नाही त्याला मुलाखत म्हणायला माझी तयारी नाही. शिवाय २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आहे. संशोधनाला त्यात अटींसह सवलत मिळते, आणि त्या अटी विद्यार्थ्यांना आज कोणी शिकवत नाही.

संपादकांनी हे पुस्तक पायऱ्यापायऱ्यांचे केलेले नाही, याचे मला समाधान वाटले. 'किती मुलाखती पुरेत' या सनातन प्रश्नाला त्यांनी बारा असे उत्तर देऊन सुटका करून घेतलेली नाही. तो आकडा २००६ च्या एका अभ्यासातून सुटा होऊन फिरतो. घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखतींपैकी पहिल्या बारांमध्ये बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. पण त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न ठरलेले होते, हे सांगायला आपले मार्गदर्शक विसरतात. लेखकांनी प्रत्येक पद्धतीची चर्चा प्रत्यक्ष संभाषणांच्या आधारे केली आहे, त्यात विचारणाऱ्याची वाक्ये कापलेली नाहीत, आणि चर्चा फसली ती का फसली हेही तिथेच दिसते. काही ठिकाणी माझे जमत नाही. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर त्यांनी दाखवलेला विश्वास मला जास्त वाटतो, आणि संशोधकाच्या जातीचा मुद्दा एका प्रकरणात येऊन संपतो. तो प्रत्येक प्रकरणात यायला हवा होता. पुढच्या आवृत्तीत त्यांनी हे मनावर घ्यावे.

वाचणाऱ्यांना एक सुचवायचे आहे. परिशिष्टात ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांशी झालेली दोन संभाषणे आहेत, एक गटातले आणि एक त्याच गटातल्या एकीचे, दुसऱ्या दिवशीचे. प्रकरणे वाचण्याआधी ती वाचावीत. गटात मुकादमाचे नाव कोणीच घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते चौथ्या वाक्यात येते. मधल्या तीन वाक्यांत मुलाखत घेणारीने काय केले आणि काय केले नाही, ते ओळखून समासात लिहावे आणि मग पहिल्या प्रकरणाकडे वळावे.